पन्नास मिनिटं

खरं सांगतो, सलिल आला त्या दिवसापासून मला तो नको होता.

रामटेकडीला बापूरावांचं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे स्टील तापवून कडक करायचं, युनिट आहे. मी तिथे सहा वर्षं. शिक्षण दहावी, बाकी सगळं यूट्यूबवर आणि भट्टीसमोर शिकलो. सलिलकडे मेटलर्जीचा डिप्लोमा. आठ महिन्यांत बापूराव त्याला 'अहो सलिल' म्हणायला लागले. मी अजून 'ए भूषण'. आणि दिवाळीनंतर दोघांपैकी एकाला भट्टीचा इन्चार्ज करणार होते.

त्या दिवशी ओएचएनएस जातीच्या स्टीलची मोठी डाय, म्हणजे साचा, होती. सलिलचं काम. आठशे डिग्रीला तापवली, तेलात बुडवली, हात जेमतेम ठेवता येईल एवढी कोमट झाल्यावर काढली. एक वीस झाले होते. आता ती तशीच टेंपरिंगच्या भट्टीत जायला हवी. तेवढ्यात कस्टमर आला, सलिल ऑफिसात गेला. डाय स्टँडवर. वर पंखा चालू.

मला कळलं.

लाल असताना स्टीलच्या आतली मांडणी वेगळी असते, ऑस्टेनाइट. तेलात झटकन थंड झालं की त्याचं मार्टेन्साइट होतं. कडक, पण काचेसारखं. आणि ते होताना स्टील फुगतं. हो, थंड होताना. वरची साल आधी कडक होते, मग गाभा आतून फुगायला लागतो. साल ताणली जाते. लगेच दोनशे डिग्रीला ठेवलं की ताण उतरतो. नाही ठेवलं तर तडकतं.

टेंपरिंगची भट्टी तयार होती. चार पावलांवर.

मी डबा उघडला. मेथीची भाजी होती. मनात म्हटलं, डिप्लोमा आहे ना, येईल आठवण. ऑफिसातून हसण्याचा आवाज येत होता. चहाही गेला आत. मला कधी कस्टमरसमोर चहा मिळालेला नाही.

डबा धुतला. परत येऊन बसलो. डायकडे बघत होतो, आणि ती तडकावी असं मला वाटत होतं. मग माझंच मला कसंतरी झालं. उठलो, उचलली, भट्टीत ठेवली.

संध्याकाळी बाहेर काढली तर कोपऱ्यापासून केसासारखी बारीक चीर.

सलिल सरळ म्हणाला, माझी चूक, मी विसरलो. तेही मला आवडलं नाही. एवढं सहज कसं म्हणता येतं?

बापूरावांनी भट्टीचा ग्राफ काढला. दार उघडलं की तापमान पडतं, ते कागदावर दिसतं.

"दोन दहाला दार कोणी उघडलं?"

"मी," म्हटलं.

"तेलातून एक वीसला निघाली. पन्नास मिनिटं काय करत होतास?"

"जेवत होतो, शेठ."

"भाजी चांगली होती का?"



"ते विसरले. तू विसरला नव्हतास," एवढंच म्हणाले आणि ग्राफची घडी घातली.

सलिल इन्चार्ज झाला. आता डाय तेलातून काढायची वेळ आली की तो मला हाक मारतो, हात लावून बघ म्हणतो, तुझ्या हाताला बरोबर कळतं. मी बघतो.  लगेच सांगतो, टाक आत.