पेंटरबाईंचे डोळे

दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणाऱ्या त्या बाईला सगळा बाजार पेंटरबाई म्हणायचा. नवरा गेल्यापासून घरात ती आणि तिची भाची, दोघीच. भाची शाळेची व्हॅन चालवायची. आत्या शिडीवर असताना खालून कुणी "जपून हं" म्हटलं, की तिचं डोकं फिरायचं.

त्या वर्षी चपलांच्या दुकानाची पाटी रंगवताना अक्षरांच्या कडा तिला धूसर दिसायला लागल्या. पाटीकडे बघून दुकानदार नुसतं "हं" म्हणाला. ते तिच्या जिव्हारी लागलं.

"डोळ्यांना अ जीवनसत्त्व लागतं, शाळेत शिकलेय मी," घरी येऊन तिने जाहीर केलं. "बघच तू, कसे ताळ्यावर आणते ते."

"आधी डॉक्टरांना दाखव ना."

"ते म्हणणार, वय झालं. एवढं ऐकायला रांगेत कशाला बसू?"

झालं, सुरुवात झाली. सकाळी अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल, जेवणानंतर माशाच्या यकृताच्या तेलाची. शिवाय गुडघ्यांसाठी पूर्वी डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या होत्या, आठवड्याला एक, तीही थोड्या दिवसांपुरती. त्या ती आता रोज दुधातून घ्यायला लागली. भाची काही बोलली, की उत्तर ठरलेलं, "जीवनसत्त्व आहे गं, विष नव्हे!"

हळूहळू तिच्या ओठांची सालं निघायला लागली. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. डोकं ठणकायचं, तहान भागता भागत नव्हती, जेवणाचं ताट समोर आलं की मळमळायचं. आत्याने याचा अर्थ काढला तो असा, की मात्रा कमी पडतेय. तिने कॅप्सूल दुप्पट केल्या.

मग एके सकाळी ती ब्रश हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, आज पाटी कुणाची आहे?"

"आज तुला सुट्टी आहे, आत्या."

"हो का? आणि दादा कुठे गेला?"

दादा म्हणजे भाचीचे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दुसऱ्या ड्रायव्हरला फोन करून भाचीने मुलांची सोय लावली, फडताळातल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत भरल्या आणि आत्याचा दंड धरला.

"मी कुठेही येणार नाही," आत्या म्हणाली.

"रोज व्हॅनभर पोरांना सीटवर बसवते मी. तू एकटीच आहेस. चल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक बाटली वाचली. रक्त तपासलं, तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं.

"हे ड जीवनसत्त्वामुळे; तहान, मळमळ, हा गोंधळ त्यानेच," त्या म्हणाल्या. "आणि ओठ, केस, डोकेदुखी, यामागे अ दिसतंय. माशाच्या तेलातही ही दोन्ही असतात, म्हणजे तेच तुम्ही दोन-दोन ठिकाणांहून घेत होतात. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. ही दोन तशी नाहीत, अंगात साठत राहतात. अजून उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं."

गोळ्या, पुड्या सगळं बंद. सलाईन लागलं. काही दिवसांनी आत्याचं डोकं ठिकाणावर आलं, तसा तिचा आवाजही परत आला.

"म्हणजे डोळ्यांचं काय? ते तर होते तसेच!"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा लावून नीट पाहिलं. "मोतीबिंदू आहे. त्याला गोळी नसते, ऑपरेशन असतं. कॅल्शियम जागेवर आलं की करू."

आत्या म्हणाली, "तारीख द्या."

वाट पाहणं तिला जमत नव्हतं, पण तिने ते नेटाने केलं. भरपूर पाणी, सांगितलेल्या दिवशी रक्ताची तपासणी, मनाने काही नाही. शेजारणीने ताकदीचं टॉनिक आणून दिलं, तर "आधी यात काय काय आहे ते डॉक्टरांना वाचून दाखवते" म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, यथावकाश दुसऱ्याचंही.

परवानगी मिळाल्यावर पहिलं काम आलं ते बालवाडीच्या भिंतीचं. आत्याने शिडीवर चढून मोठाली मुळाक्षरं काढली, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. बालवाडीच्या बाई खाली उभ्या राहून बघत होत्या.

"काय हात आहे हो तुमचा! मला तर हल्ली अंधुकच दिसतं. गाजरं खाते, परवा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आणल्यात."

आत्याचा ब्रश थांबला. ती भराभरा खाली उतरली आणि फडक्याला हात पुसायला लागली.

"गाजरं खा खुशाल. गोळ्या राहू देत," ती म्हणाली. "चपला घाला. डोळ्यांचा दवाखाना अजून उघडा असेल."

"आत्ता? अहो, भिंत अर्धीच झालीय!"

"भिंत कुठे पळून जात नाही," म्हणत आत्याने फाटकाशी थांबलेल्या भाचीला हाक मारली, "व्हॅन काढ गं!"