रिव्हर्समध्ये आणलेली गाडी

वीस वर्षं जुनी जपानी गाडी मी भंगाराच्या भावात घेतली. गिअरबॉक्स गेलेला, त्यामुळे ती फक्त मागेच जायची. मग काय, तीन गल्ल्या रिव्हर्समध्येच घरी आणली. अख्खी आळी हसली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मान आखडेल!" कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तर हातच झटकले. म्हटलं, हसा लेको!

जुन्या बाजारातून दुसरा गिअरबॉक्स आणला. चार रविवार मी गाडीखाली, आणि सासूबाई बाहेर बसून रॉकेलने एकेक बोल्ट घासतायत.

आज गिअर टाकला. "अगं, पुढे चालली!" मागच्या सीटवर सासूबाई किंचाळल्या.

मेकॅनिकच्या दारातच ब्रेक मारला. तो बघतच राहिला. "कुणी बसवला?"

मी माझी काळी नखं दाखवली. मागच्या खिडकीतून सासूबाईंनी त्यांची.