काच बसत नाही

“ठोकळा कापला होता का?” विमानाचं मॉडेल हातातही न घेता कवळीवाल्यांनी विचारलं.

“कापला हो,” चित्रकलेचे मास्तर दारातूनच म्हणाले.

“कसला कापताय! वैमानिकाच्या खुर्चीखाली जो ठोकळा येतो ना, तो खुर्चीचा भाग नसतो. तिथून साच्यात रेझिन ओततात. करवतीनं कापून फेकायचा असतो. मागे एक महाभाग ठोकळ्यासकट खुर्ची चिकटवून मोकळा झाला आणि मलाच म्हणतो, वैमानिक फार उंच दिसतो!”

मास्तर कसनुसं हसले आणि आत येऊन बसले.

कवळीवाल्यांना ही गिऱ्हाइकांची जमातच डोक्यात जायची. जन्म गेला दातांच्या लॅबमध्ये, लोकांच्या कवळ्या घडवण्यात. निवृत्त झाल्यावर तोच हात त्यांनी विमानांच्या मॉडेलकडे वळवला. मॉडेलच्या खोक्यात वैमानिकासाठी येते ती प्लॅस्टिकची खुर्ची म्हणजे नुसता पाट. तिच्या जागी बसवायला हे हातानं नमुना कोरून रेझिनची खुर्ची ओतायचे. नखावर मावेल एवढी, पण पट्टे, बकलं, गादीच्या सुरकुत्यांसकट. आणि घेणारे कोण? तर हे! चाकं उलटी लावतात, गोंदाचे ओघळ तसेच ठेवतात आणि वर ‘छान जमलंय ना?’ म्हणून विचारतात. गाढवाला गुळाची चव काय! त्यातही मास्तर म्हणजे मुकुटमणी. पोरांना तीस वर्षं सफरचंद काढायला शिकवलं, ते एकालाही धड आलं नाही.

मास्तरांनी तळहाताएवढं विमान टेबलावर ठेवलं आणि वैमानिकाच्या जागेवरची काच लावून दाखवली. काच खुर्चीच्या डोक्यावर टेकून अधांतरी राहिली.

“दिसतंय ना? बसतच नाही.”

“मग काच वाईट आहे,” कवळीवाले फटकन म्हणाले. “कारखान्यातले तरी कुठले शहाणे लागून गेलेत! नाहीतर तुम्ही तळ वाकडा बसवला असेल. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. बावीस वर्षांत माझी खुर्ची उंच झाली नाही.”

“तसं नाही हो... म्हणजे थोडी घासली की बसते. सगळे घासतातच...” मास्तरांनी जीभ चावली.

“सगळे म्हणजे कोण?”

मास्तर खाली बघायला लागले. आतून कवळीवाल्यांची बायको हात पुसत आली.

“त्यांना काय दरडावताय? मीच सांगते सगळ्यांना.”

“काय सांगतेस?”

“गिऱ्हाइकांचे फोन मीच घेते ना? दोन वर्षं झाली, सगळ्यांची एकच तक्रार. मी म्हणते, डोक्याकडून जरा घासून घ्या, पण यांच्यापाशी बोलू नका. आणि बिचारे बोलले नाहीत हो! हेच एक भोळे निघाले.”

कवळीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. यांनी, या गोंद फासणाऱ्यांनी आपल्यावर दया करायची? त्यांनी तिरमिरीत खण ओढला, जुन्या साच्यातली एक खुर्ची काढली आणि ठोकळा कापलेल्या एका नव्या खुर्चीशेजारी ठेवली. भिंग घेतलं, दिवा जवळ ओढला. दोन करड्या ठिपक्यांपलीकडे काही दिसेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही खुर्च्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. कवळी एवढीशी जरी उंच झाली तरी या नखाला कळायची. नवीवर चढताना नख अडलं. पट्टेही जाड लागले, बकलं तर बटणाएवढी. जसजसं दिसेनासं झालं, तसतसं नवे नमुने कोरताना हातानं सगळं मोठं करत नेलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता.

बायकोनं उगाचच टेबलावरचा कागद सारखा केला.

“चष्म्याचा नंबर बदलला असेल,” मास्तर म्हणाले.

“गप्प बसा. नंबर बदलून झालाय तीनदा.” कवळीवाल्यांनी खणातून बारीक पॉलिशपेपरची पट्टी काढली. विमान उचललं, पट्टी खुर्चीच्या डोक्यापर्यंत नेली आणि ते तिथेच थांबले. कुठवर घासायचं ते दिसत नव्हतं.

त्यांनी पट्टी मास्तरांपुढे धरली.

“घ्या. तुम्हीच घासा. मी धरतो.”

“मी? तुमच्यासमोर?”

“मग काय, आता दिसतंय का मला तुमचं काम? पण हलक्या हातानं. सफरचंद नाही ते.”

मास्तर घाबरत घाबरत घासू लागले. करडी भुकटी कवळीवाल्यांच्या बोटांवर पडत राहिली. विमान त्यांनी तसूभरही हलू दिलं नाही.