जोरात फुंका

“जोरात! अजून, अजून, अजून... बस!”

अंगभर पांढरी पूड बसलेला कामगार धापा टाकत मागे सरला. फुंकताईने दम मोजायच्या मीटरचा काटा कुठवर गेला ते पाहिलं, आकडा लिहिला आणि त्याच्या तोंडातली पुठ्ठ्याची नळी बादलीत टाकली. माणसागणिक नवी नळी, तीनदा फुंकायचं, त्यातला सगळ्यात चांगला आकडा धरायचा. आरोग्य पाहणीचं हे काम करता करता तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते.

“ताई, हा बायकोवर ओरडतो ना, तेव्हा मीटर लावा,” रांगेतला एक जण म्हणाला. “काटाच मोडेल!”

रांग हसली. हसता हसता दोघं-तिघं खोकले आणि दारात उभ्या मुकादमाकडे बघून गप्प झाले.

कारखाना दगड दळून पूड करण्याचा होता. फुंकताईच्या दादाने उभी जवानी इथल्या चक्कीपाशी घालवली होती. छाती गेली तसा तो घरी बसला आणि त्याच्या जागी वहिनी चाळणीवर लागली. या पाहणीत कामगारांची फुप्फुसं खराब निघाली, तरच धूळ ओढणारी यंत्रं बसणार होती. नाही तर वहिनीचीही तीच गत. ती सकाळी मोरीत गेली की आधी नळ पूर्ण सोडायची. खोकल्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

“पुढचे या,” म्हणत तिने मान वर केली. समोर दादा उभा होता. अंगात कामाचा जुना सदरा, दोन माणसं मावतील इतका ढगळ. भिंतीला धरून तो श्वास गोळा करत होता. त्याच्या मागेच वहिनी.

“अरे, तू कुठं इथं?” मुकादम पुढे आला. “बाई, हा आता आमच्याकडे नाही.”

टेबलामागच्या डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी स्वतःची खुर्ची दादाला दिली.

“दादा, तुमच्याशी खोटं बोलत नाही. ही पाहणी म्हणजे एका दिवसाचा फोटो आहे. आज जे कामावर आहेत, तेवढेच त्यात येतात. जे आजारी पडून घरी बसले, जे गेले, ते येत नाहीत.”

“म्हणजे... ज्यांना वाघाने खाल्लं... त्यांना सोडून बाकीच्यांना विचारायचं,” दादा तुटक तुटक म्हणाला, “की बाबांनो, वाघ चावतो का?”

“हो. तसंच आहे ते,” बाई म्हणाल्या. “ माणूस कामाला लागला त्या दिवसापासून त्याला वर्षानुवर्षं तपासायला हवं. काम सोडलं तरी त्याच्या घरी जायला हवं. मी तेच मागितलं होतं. मिळाला हा एक दिवस. या पाहणीत काय सुटलं, ते मी अहवालात लिहिणार आहे.”

“आणि मालक... ते पान वाचेल?”

“ते माझ्या हातात नाही,” बाई म्हणाल्या.

“मग नुसतं फुंकू द्या. मांडू नका कुठं.”

फुंकताईने नवी नळी लावून मीटर त्याच्या हातात दिलं. दिवसभर जीभ न अडखळता म्हणायची ते ‘अजून, अजून’ आता तोंडातून फुटेना. दादाने डोळे मिटून फुंकलं. काटा जागचा जेमतेम हलला. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तिसऱ्यांदा त्याने नळी ओठांशी नेली आणि तशीच परत दिली.

तीही बादलीत पडली. तिथे सगळ्या नळ्या सारख्याच दिसत होत्या.

आता वहिनी पुढे झाली. दादाने बसल्या जागेवरून तिचा पदर धरला आणि हळूच म्हणाला, “हळू फुंक. पाया पडतो तुझ्या. आकडे खाली आले तर... यंत्र बसेल.”

“यंत्र बसेल तेव्हा बसेल,” वहिनी तशीच कुजबुजली. “त्याआधी मला घरी बसवतील. मुकादम बघतोय. मग चूल कशावर पेटवू? तुमच्या सदऱ्यावर?”

तिने पदर सोडवून घेतला आणि नणंदेकडे पाहिलं. “वन्सं, तुमचं ते म्हणा ना. सगळ्यांना म्हणता तसं.”

वहिनीने जोर लावला आणि फुंकताईने खरा आकडा लिहिला तर धूळ राहणार, मुद्दाम कमी लिहिला तर वहिनी रस्त्यावर. इकडे आड, तिकडे विहीर. तिने मीटरला नवी नळी लावली.

“जोरात, वहिनी... अजून... अजून...”

वहिनीने सगळा जीव गोळा करून फुंकलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. काटा सरसर वर गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही गेला.

“वा! चाळणीवाली बाई दमदार आहे हां!” मुकादम खूश होऊन म्हणाला.

फुंकताईने काटा दाखवत होता तोच आकडा लिहिला. वहिनी हसली, ओठ घट्ट मिटून. तोंडाला फडकं बांधून, कुणाकडे न बघता, ती भरभर बाहेर पडली.

थोड्या वेळाने अंगणाच्या कोपऱ्यातला नळ धो धो सुटल्याचा आवाज आला.

दादाने मान फिरवली. नळ बराच वेळ चालू होता.

“पुढचे या,” फुंकताई म्हणाली.