सत्तेचाळीसची शबनम

मी शबनम बोलतेय. हातमागाच्या निळ्या कापडाची, खांद्याला लावायची पिशवी. थायलंडमधल्या चिआंग माईच्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर खुंट्यांची लांब रांग आहे, त्यातली सत्तेचाळीस नंबरची खुंटी माझी. मला बोलायला भारी आवडतं. तसंही माझं तोंड कायम उघडंच. बटण तुटून चार वर्षं झाली.

मला विणलं नान प्रांताकडच्या एका आजीनं. नातीला कॉलेजात सत्तेचाळीस नंबर मिळाला, तर म्हातारीनं लाल दोऱ्यानं माझ्या पोटावर तो आकडा काढला. चारचं शेपूट जरा लांबलं. उसवायला बसली आणि मग म्हणाली, "राहू दे, दुरून ओळखू येईल."

आमच्याकडे नंबराचं नातं असतं. यंदा ज्याला सत्तेचाळीस मिळाला, त्याची ताई म्हणजे गेल्या वर्षीची सत्तेचाळीस. ताईनं तोंड न दाखवता धाकट्यासाठी खुंटीला पिशवी लावायची. आत जुन्या वह्या, वाळवलेली केळी, आपला गणवेश. धाकट्यानं महिनाभर डोकं खाजवायचं, की ही कोण बाई? मग एके संध्याकाळी सगळ्यांनी शेगडीभोवती बसून मांस भाजून खायचं, की नातं पक्कं.

अशा चार मुलींचे खांदे मी पाहिले. एकीनं माझ्यात मासळीचा सॉस सांडला, आठवडाभर मांजरं माझ्या मागे. दुसरीनं मला अख्खं वर्ष मोज्यांबरोबर पलंगाखाली टाकलं. माणसाचं असंच. हवी तेव्हा गळ्यात, नको झाली की पलंगाखाली.

चौथी दाओ. मायाळू पोर, पण धांदरट. नवीन सत्तेचाळीसचं नाव भिंतीवरच्या यादीत होतं, पण वाचतंय कोण? आजवर सगळ्या मुलीच, तर पाचवीही मुलगीच, असं धरून तिनं आपला काळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज माझ्यात कोंबला आणि पळाली.

दुपारी ती नवीन सत्तेचाळीस, ख्वान, आली. बारीक कापलेले केस, पॅंट, टाय. कागदावर मुलगा, घरच्यांना मुलगा, वर्गालाही मुलगा. तिनं माझ्यात हात घातला. केळी निघाली, वह्या निघाल्या, मग स्कर्ट लागला आणि हात तिथंच थांबला. मला घेऊन ती बाथरूममध्ये शिरली, कडी लावली, स्कर्ट कमरेशी धरून उभी राहिली. हसली. आणि मग अशी घाबरली म्हणता! कोणाला कळलं? कोणी टिंगल तर करत नाही ना?

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यात चिठ्ठी टाकून मला परत खुंटीला लावलं. "ताई, मी मुलगी आहे हे तुला कोणी सांगितलं? आणखी कोणाकोणाला माहीत आहे?"

दाओनं जिन्यात बसून ती वाचली. मग उठून यादी पाहून आली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई गं, काय करून बसले मी!" तीन कागद फाडून चौथ्यावर तिनं लिहिलं, "कोणीच नाही सांगितलं. मी वेंधळी आहे, यादी न बघता स्कर्ट टाकला. आता तू सांगितलंस ते माझ्यापाशी राहील. कमरेला बसतो का? मी जाडी आहे."

उत्तर आलं, "चार बोटं सैल आहे. सेफ्टी पिन लावली." खाली बारीक अक्षरात, "सहामाहीला हाच घालून बसावं असं फार वाटतंय."

आता सहामाही म्हणजे दारात राचनी बाई. गणवेशात खोट दिसली की माघारी, मग कोणी का असेना. पेपर बुडाला की विषय गेला. गेल्या साली एकाला चपलांपायी घरी धाडलं होतं.

दाओनं विचारलं, "सहा जणांना सांगू? तू म्हणशील त्यांनाच." ख्वाननं लिहिलं, "तुझ्या भरवशाच्यांना सांग. एकटीनं दारापर्यंत पाय उचलणार नाहीत माझे."

मग दाओ त्यांच्या खुंट्यांपाशी फिरली. बारा नंबरच्या दादानं विचारलं, "मी काय करायचं?"

"काही नाही. दारात उभं राहायचं आणि घाबरायचं नाही."

"उभा राहतो. घाबरण्याचं मात्र नक्की सांगत नाही."

परीक्षेच्या सकाळी सात जण उभे होते. ख्वानच्या अंगात तो स्कर्ट, खांद्याला मी. माझा पट्टा तिनं असा आवळला होता, की माझाच जीव घुसमटला. राचनी बाईंनी चष्मा खाली केला. ओळखपत्र पाहिलं, तोंड पाहिलं, स्कर्ट पाहिला.

"हे काय?"

दाओ पुढे झाली. "बाई, ती ना..."

"तुझा पेपर आहे का? मग गप्प." बाई ख्वानकडे वळल्या. "मुलींच्या ब्लाउजला उजवीकडे कॉलेजच्या चिन्हाची पिन असते. तुझी कुठाय? कमरेचा पट्टा कुठाय? कमरेला सेफ्टी पिन लावून परीक्षेला येतात? मुलींचा गणवेश घालायचा तर पुरता घालायचा! दहा मिनिटं आहेत."

क्षणभर कोणालाच कळेना, की हे रागावणं आहे की काय आहे. मग जी झुंबड उडाली! दाओनं आपला पट्टा उपसला, एकीनं पिन काढून लावली, दुसरीनं कॉलर सारखी केली. बारावाला म्हणाला, "माझी टायची पिन चालेल?"

"तू लांब हो रे!" बाईच ओरडल्या. मग ख्वानला नखशिखांत पाहून म्हणाल्या, "आता कशी. जा आत. पिशवी बाहेर."

दोन तास मी बारावाल्याच्या गळ्यात. मेला घामानं नुसता निथळत होता. ख्वान बाहेर आली आणि पहिलं बोलली ते हे, "तिसरा प्रश्न अगदीच फालतू होता." सातही जण वेड्यासारखे हसत सुटले.

त्या संध्याकाळी शेगडीपाशी बारावाला म्हणाला, "आपण आधी विचारत का नाही?" तेव्हापासून पिशवीत एक चिठ्ठी असते. स्कर्ट ठेवू की पॅंट? तुला काय म्हणून हाक मारू? कोणाला सांगू, कोणाला नको? आज एकोणीस खुंट्यांवर ती चिठ्ठी आहे. तीस नंबरवाले अजून म्हणतात, नसते उपद्व्याप. म्हणोत. त्यांच्या धाकटीनं परवा हळूच बाराच्या पिशवीत चिठ्ठी टाकली, ती मी पाहिली.

माझं कापड आता विरलंय, पट्ट्याला दोनदा टाके पडलेत. पण यंदा ख्वान थोरली. तिनं केळी भरली, चिठ्ठी ठेवली आणि जाताना माझ्यावरून हात फिरवला.

सकाळपासून नवीन सत्तेचाळीस तीनदा इथून गेलं. दर वेळी भिंतीवरची सूचना वाचल्याचं सोंग करतं, आणि सूचना आहे नळ दुरुस्तीची. आता पुन्हा येतंय बघा. एक करा, तुम्ही जरा पलीकडे व्हा. तुमच्यादेखत ते लेकरू माझ्यात हात घालायचं नाही.