काचेतला खुळखुळा

हसू नका मित्रांनो! मी एक जुना लाकडी खुळखुळा असलो, तरी खेळणं नाही. तान्ह्या मुलांना ऐकू येतं का, हे बघायचं काम माझं. सुताराने पोटात खडे भरले तेव्हापासून माझा आवाज खणखणीत. दवाखान्यात तपासणीच्या ताई बाळाच्या पाठीमागे मला वाजवायच्या. बाळ वळलं, की मी फुशारून जायचो.

त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. आईच्या मांडीवर दीड वर्षाची चिमणी बसली होती. समोर नवं काचेचं कपाट. ताईंनी मला तिच्या मागे उजवीकडे वाजवलं. ती वळली. डावीकडे वाजवलं, तरी वळली.

"बघ!" बाबा आईला म्हणाले. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"अहो, पण मागून हाक मारली की ढिम्म हलत नाही ती!"

"ऐकू येतंय तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोलायला उशीर होतोय, एवढंच. वर्षभर वाट पाहू."

वर्षभर! अरे देवा! चिमणी मला ऐकत नव्हती हो, समोरच्या काचेत माझं प्रतिबिंब बघत होती. बोलणं शिकायचं ऐन वय वाया जाणार होतं आणि मला सांगता येत नव्हतं. बाबांनी पिशवी उचलली. चिमणी खिडकीशी जाऊन बाहेरची कबुतरं बघू लागली. ताई मला कपाटात ठेवायला गेल्या आणि मी त्यांच्या हातून सटकलो.

फरशीवर खाडकन आवाज झाला. सगळे दचकले. चिमणी कबुतरंच बघत राहिली.

बाबांचा चेहरा उतरला. "ताई, पुन्हा पाडा ना त्याला," ते हळूच म्हणाले.

मी पुन्हा पडलो. ती वळली नाही.

मग सगळे परत बसले. मोठ्या तपासण्या ठरल्या, त्यानंतर कानाला ऐकायचं यंत्र लावायचं ठरलं. ताई दर आठवड्याला चिमणीच्या घरी तिला बोलायला शिकवायला जाणार होत्या. "पण आंघोळ घालताना, भरवताना तिच्यासमोर बसून बोलायचं ते तुम्हीच," त्यांनी आईबाबांना बजावलं.

मला भेग पडली, आवाज घोगरा झाला. माझ्या जागी प्लास्टिकचा खुळखुळा आला आणि मी खणात पडून राहिलो. मग एकदा चिमणी यंत्र लावून आली. ताईंनी काचेवर चादर टाकली आणि मुद्दाम मलाच बाहेर काढलं. मी भीतभीत वाजलो.

ती वळली! बाबा तोंड फिरवून डोळे पुसत होते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. घरात धाकटं भावंड असेल, तर त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून हाक मारा. नाहीच वळलं, तर मोठ्यांचा पिच्छा सोडू नका.