आता ऐका, बेस गिटार येते

संगीत अमर आहे. राज्यं बुडतात, राजवाडे ढासळतात, माणसं तर येतात आणि जातातच, पण एकदा तबकडीत कोरलेला सूर प्रलय आला तरी जागचा हलत नाही. शशिकांत टिपणीस उजवा हात वर करून हे सांगत होते, आणि त्यांचा हात खाली यायच्या आत फिरत्या तबकडीतली खंजिरी निखळली, फरशीवर पडली आणि घरंगळत सोफ्याखाली गेली.

रविवारची सकाळ होती. देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या मागच्या गल्लीत, टिपणिसांच्या तळमजल्यावरच्या बैठकीत तिघं जण बसले होते. कुलथ्यांनी वाकून खंजिरी बाहेर काढली. ती जरा कोमट होती. कुलथे म्हणजे नाशकाच्या सराफ बाजारातून निवृत्त झालेले सराफ. दुकान मुलाकडे गेलं तरी डोळ्याला लावायचं भिंग त्यांच्या खिशातच राहिलं होतं. त्यांनी ते लावलं आणि खंजिरीची एकेक चकती पाहिली.

"ओरिजिनल आहे," ते म्हणाले. "सहासष्टची. त्याच्या आधीची नाही बरं का."

"पासष्टची पन असेल," नोशीर बिलिमोरिया म्हणाला. समोरच्या माणसाने सांगितलेल्या सालातून एक वजा करायची त्याची जुनी सवय होती. "तू चकती नको बघू कुलथे, लाकूड बघ."

चहा येईपर्यंत पासष्ट की सहासष्ट हे चाललं. खंजिरी पडलीच कशी, हा प्रश्न कोणी काढला नाही, कारण तो त्यांच्या विषयात बसत नव्हता.

रेकॉर्ड पुन्हा लावली तेव्हा खंजिरीच्या जागी कुलथ्यांचा आवाज होता. मघाशी ते गाणं चालू असताना जे म्हणाले होते तेच: "हे मोनो आहे, स्टीरिओ नव्हे." वाक्य खंजिरीच्या ठेक्यावर चपखल बसलं होतं.

"तालात बोललो की हो मी," कुलथे खूश होऊन म्हणाले.

या तिघांचा विषय साठच्या दशकातलं विलायती पॉप आणि त्याहून जास्त कृष्णवर्णीय गायकांचं सोल संगीत. अमेरिकेत ज्या रेकॉर्डी त्या वेळी कोणी विकत घेतल्या नाहीत, त्या हे तिघं आता जिवापाड जपत होते. दर रविवारी जमायचं, एक रेकॉर्ड लावायची आणि तिच्यावर चर्चा करायची, असा क्रम होता. रेकॉर्ड सुरू झाल्याशिवाय चर्चा सुरू होत नसे, आणि रेकॉर्ड संपली की कोणाला काही बोलायचं उरत नसे. "आता ऐका, बेस गिटार येते," हे टिपणिसांचं वाक्य नेमकं बेस गिटार येताना यायचं, त्यामुळे तीस वर्षांत ती गिटार कोणी ऐकलेली नव्हती.

आता ही खंजिरीवाली रेकॉर्ड म्हणजे तिघांच्या संग्रहातला मुकुटमणी. तीस वर्षांपूर्वी एका जुन्या सॅनिटोरियमने अडगळ काढली तेव्हा टिपणिसांना ती चादरींच्या गठ्ठ्यात सापडली होती. छोटी तबकडी, मधोमध मोठं भोक, लेबल पांढरं कोरं. कोणी गायलं, कुठे गायलं, काही लिहिलेलं नाही. आवाज बाईचा. कुलथ्यांच्या मते ती डेट्रॉइटची अर्नेटा पूल, नोशीरच्या मते शिकागोची डॉरीन केल्सो. या एका मुद्द्यावर दोघं दोनदा बोलेनासे झाले होते आणि दोन्ही वेळा टिपणिसांच्या बायकोने, शालनताईंनी, खांडवी करून त्यांना परत जवळ आणलं होतं.

त्या दिवशी शालनताई चहाचे कप उचलायला आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अहो, मला हे गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकायचंय."

"हे? दर रविवारी तर ऐकतेस."

"सुरुवात ऐकते. ती बाई म्हणते, मी दारात आलेय, आत येत नाही, फक्त एक गोष्ट सांगायची आहे. आणि मग तुम्ही तिघं सुरू होता. ती काय सांगते ते मला अजून कळलेलं नाही."

टिपणिसांनी कुलथ्यांकडे पाहिलं, कुलथ्यांनी नोशीरकडे. तबकडीचं वजन किती, ती कुठल्या कारखान्यात निघाली असेल, हे तिघांनाही तोंडपाठ होतं. बाई काय सांगते हे एकालाही माहीत नव्हतं.

"आणि जरा लवकर जमवा," शालनताई म्हणाल्या. त्यांचा डावा कान गेल्या वर्षीच पूर्ण गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, की आहे तोवर वापरून घ्या.

"पुढच्या रविवारी," टिपणीस म्हणाले. "आणि कोणी बोलायचं नाही."

पुढच्या रविवारी शालनताईंना मधल्या खुर्चीत बसवलं. टिपणिसांनी तबकडीच्या भोकात प्लॅस्टिकची चकती बसवली आणि पिन खाली टेकवली.

"शपथ घेते, एक शब्द बोलनार नाय मी," नोशीर म्हणाला.

व्हरांड्यात कोणीतरी घसा खाकरला. एक उंच, सावळा, बारीक टायवाला माणूस हातात हॅट धरून उभा होता. त्याच्या पाठीवर गिटार होती.

"किधर बसू?" त्याने विचारलं. तो नोशीरसारखंच मराठी बोलत होता. इतकी वर्षं तो नोशीरच्या वाक्यांच्या शेजारी राहिला होता. "आतमंदी जागा नाय उरली, बाबा. एकदम टाइट झाला."

कुलथ्यांनी फिरत्या तबकडीवर भिंग धरलं. "अरे वा! बेस गिटार होती तिथे आता नोशीरशेठची शपथ दिसतेय."

स्वयंपाकघराच्या दाराने दोन ट्रंपेटवाले आत आले.

"कुलथे, तोंड बंद!" टिपणीस ओरडले. न्हाणीघरात ढोल आपटल्याचा आवाज झाला आणि ड्रमवाला टॉवेल मागू लागला.

"सॉरी," कुलथे म्हणाले. कोरसमधल्या दोन मुली, एकसारखे झगे घातलेल्या, सोफ्याच्या हातांवर येऊन बसल्या.

"तबकडी म्हणजे मसाल्याचा डबा आहे," शालनताई म्हणाल्या. "एक मूठ घातलीत की एक मूठ बाहेर सांडणार." मग त्यांनी पाहुण्यांची संख्या बघितली आणि पोहे भिजवायला गेल्या.

नोशीर मात्र फुलून गेला होता. "टिपनिस, ही रेकॉर्ड दुर्मीळ होती. आता तर जगात एकच हाय! डेट्रॉइटमंदी कोणाकडे माझी शपथ असेल?"

पाहुणे राहिले. त्यांना परत कुठे जायचं हे माहीत नव्हतं आणि टिपणिसांना विचारायचा संकोच वाटत होता. माणसं सज्जन होती. चपला ओळीत काढायची, जेवल्यावर ताट उचलायची. पण घर भरलं. पलंगावर ट्रंपेटवाले, व्हरांड्यात गिटारवाला, कोरसच्या मुली शालनताईंच्या खोलीत, आणि ड्रम न्हाणीघरातून निघेना म्हणून आंघोळीला सगळ्यांनी शेजारच्या नाडकर्ण्यांकडे जायचं. टिपणीस स्वतःच्या घरात आडवे चालायला शिकले. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या, त्या मांडल्यावर दार अर्धंच उघडू लागलं.

एकदा टिपणिसांनी भीतभीत वाजवण्याचा आग्रह केला. थोरल्या ट्रंपेटवाल्याने गाल फुगवून फुंकलं. नुसती हवा आली.

"ते झालंय, साहेब," तो समजुतीने म्हणाला. "एकदाच होतं ते."

टिपणीस व्हरांड्यात गिटारवाल्याजवळ जाऊन बसले.

"ती बाई पुढे काय म्हणते हो?"

"आपन मान खाली घालून वाजवते," तो म्हणाला. "ती काचेच्या पलीकडं होती. मला तिचे बूट दिसत होते फक्त."

कोरसच्या मुलींना विचारलं. त्या बोलण्यात कुलथ्यांच्या वळणावर गेलेल्या होत्या.

"आम्हाला तेवढं ऊ ऊ होतं बरं का," एक म्हणाली. "शब्दांचं आम्हाला कोणी विचारलंच नाही."

म्हणजे ते वाक्य फक्त तबकडीत होतं, आणि तबकडीत आता ती बाई एकटी, चहूबाजूंनी यांच्या गप्पांच्या गराड्यात.

बुधवारी दुपारी कुकरची शिट्टी झाली. शालनताई ओट्यापाशीच तांदूळ निवडत होत्या. दुसरी झाली, तिसरी झाली. त्यांचा हात थांबला नाही. शेवटी धाकटा ट्रंपेटवाला उठला, त्याने गॅस बंद केला आणि जागेवर जाऊन बसला. टिपणिसांनी हे दारातून पाहिलं.

त्यांनी कुलथ्यांना आणि नोशीरला फोन केला. रविवार नसताना फोन आल्यामुळे दोघंही घाबरून आले.

"तुम्ही दोघं बाहेर पायरीवर बसायचं," टिपणिसांनी सांगितलं. "आणि तोंडात पाणी धरायचं. गाणं संपेपर्यंत गिळायचं नाही."

"आनि तू?" नोशीरने विचारलं. "तबकडीत सगळ्यात जास्त तर तूच हाय."

"माझा माझ्यावर ताबा आहे."

नोशीरने कुलथ्यांकडे पाहिलं. दोघांनी निमूटपणे पाण्याचा घोट घेतला आणि पायरीवर जाऊन बसले, गाल फुगवून, पोहायच्या पहिल्या दिवशी मुलं बसतात तसे.

आत शालनताईंना सोफ्यावर मधोमध बसवलं. टिपणीस त्यांच्या उजवीकडे, त्यांच्या पलीकडे ड्रमवाला, मग ट्रंपेटवाले, मागे भिंतीपर्यंत खुर्च्या. डावीकडे दारापासून सोफ्यापर्यंत पाय ठेवण्यापुरती वाट. कोरसच्या मुलींनी पंखा बंद केला. पिन टेकली.

कुलथ्यांचं मोनो आलं. नोशीरची शपथ आली. टिपणिसांची तीस वर्षांची "आता ऐका" एकामागून एक आली, आणि ती ऐकताना टिपणिसांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग सगळे आवाज बाजूला झाले आणि बाई एकटी उरली. ना ढोल, ना गिटार. मी दारात आलेय, ती म्हणाली. आत येत नाही. फक्त एक गोष्ट सांगायची आहे.

शालनताई पुढे झुकल्या.

आणि मग बाईने श्वास घेतला. या जागी टिपणीस आजवर नेहमी काहीतरी बोलत आले होते, त्यामुळे हा श्वास त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. तो इतका जवळून आला, इतका खरा होता, की त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हे शालनच्या हातून सुटता कामा नये, असं त्यांना फार फार वाटलं. त्यांनी तिच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

"ऐक," ते म्हणाले.

तबकडी फिरत राहिली. उरलेल्या गाण्यात त्यांचं "ऐक" एवढंच होतं, सबंध, शेवटच्या वळणापर्यंत.

दार अर्धं उघडं होतं, तेवढ्यातून ती आत आली. बुटकी, चष्मा लावलेली, कोटाची सगळी बटणं बंद, हातात पर्स. बँकेत कॅशियर असावी अशी. पायरीवर पाणी गिळल्याचा आवाज झाला.

"आपण अर्नेटा पूल ना?" कुलथ्यांनी दारातून विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

आणखी एक घोट गिळला गेला, नोशीरचा. "बोलला नव्हता मी! डॉरीन केल्सो!"

"नाही."

"तिला आठवत नसेल," कुलथे नोशीरच्या कानात म्हणाले, आणि या मुद्द्यावर पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

बाईने खोलीभर नजर फिरवली. गिटारवाल्याने मान लववली. ती गुडघे आणि खुर्च्यांचे पाय चुकवत सोफ्यापर्यंत आली, जिथपर्यंत वाट होती तिथे थांबली आणि शालनताईंच्या डाव्या बाजूला वाकली. पर्स काखेत धरून तिने दोन्ही हातांची ओंजळ शालनताईंच्या कानाला लावली आणि ओंजळीत गाऊ लागली.

टिपणीस एका हाताच्या अंतरावर होते, पण त्यांना फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, शब्द नाही. गिटारवाल्याची टाच जमिनीवर ठेका धरत होती. एका ट्रंपेटवाल्याने खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला. हे त्याच्याही कानापर्यंत पोचत नव्हतं, पण तिची पाठ त्याला दिसत होती. बाई एका जागी थांबली, हसली, पुढे गायली. एकदा तिचा आवाज चढला असावा, कारण तिच्या मानेची शीर ताठ झाली. शालनताई एकाग्र होऊन मान डोलवत होत्या.

मग ती थांबली. ओंजळ सोडली, सरळ उभी राहिली, चष्मा पुसून परत घातला. सगळं सांगून झाल्यासारखा तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"काय म्हणाली?" टिपणिसांनी विचारलं. "शालन, काय सांगितलं तिने?"

शालनताईंनी बाईकडे बघून आदराने हात जोडले. मग नवऱ्याकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा सरकता का? त्यांना उजव्या बाजूला येऊ द्या."